मिस्त्रीचा हात आणि चित्रकाराचा डोळा
(इयत्ता ५ वी ते ७ वी : कला, कार्यानुभव व गणित यांच्या समन्वयाचा पाठ)



शाळाभेटीस गेलो असता एक दृश्य मला वारंवार दिसते. वाचनात अडखळणारे एखादे मूल मागच्या ओळीत मान खाली घालून बसलेले असते. परंतु वर्गाच्या दाराची बिजागरी निखळली, की गुरुजी त्यालाच हाक मारतात. ते मूल बिजागरी नीट बसवून देते व पुन्हा मागच्या ओळीत जाऊन बसते. त्याच्या प्रगतिपत्रकात त्या बिजागरीची नोंद मात्र कोठेही होत नाही. प्रस्तुत पाठ अशा मुलांना समोर ठेवून तयार केला आहे. यातील नायक कोल्हापूरचा असला, तरी त्याचे बालपण आपल्या रिसोड, मालेगाव वा मानोरा तालुक्यातील कोणत्याही कारागिराच्या घरी गेले असते, असे वाटावे इतके ते ओळखीचे आहे.

पाठाचे उद्देश

१. हाताने केलेल्या कामात बुद्धीचा केवढा वाटा असतो, हे मुलांना उमजावे.
२. यंत्रविद्या व कला ही परस्परांची शत्रू नसून सोबती आहेत, हे एका चरित्रावरून पटावे.
३. मोजमाप, प्रमाण व कालगणना यांचा सराव जिवंत उदाहरणावर व्हावा.

पाठ्यवस्तू

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील सुतारकामात व लोहारकामात निष्णात होते. शिवाय चित्र व मूर्ती यांतही त्यांचा हात चाले. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. घरातील हत्यारे ही त्यांची पाटी व वडिलांचे काम हे त्यांचे पुस्तक. चुलतबंधू आनंदराव यांच्या सोबतीने त्यांनी तैलरंगांचे तंत्र स्वतःच आत्मसात केले.

तो काळ संगीत नाटकांचा होता. रंगभूमीवर राजवाडा, अरण्य वा देवालयाचे प्रांगण दाखवावयाचे, तर ते रंगविलेल्या भव्य पडद्यावर दाखवीत. सपाट कापडावर खोली भासविणे हे सोपे काम नव्हे. दूरचा खांब किती लहान काढावा, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ते कसे दिसेल, याचा हिशेब प्रथम डोक्यात मांडावा लागतो. या दोघा बंधूंच्या पडद्यांनी केशवराव भोसले यांच्यासारख्या नामवंत नटांच्या मंडळींत नाव मिळविले. ‘मिस्त्री’ हे आडनाव मागे पडून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले, ते याच कामामुळे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांसमोर आला. फाळके हे मुंबईच्या कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण व छपाई यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. बाबूराव व आनंदराव यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. परंतु पडद्यावरील चित्र हलते, हे पाहून त्यांच्यातील मिस्त्री जागा झाला. त्यांनी एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळविले, त्यावर चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय आरंभिला आणि ते दाखविता दाखविताच यंत्राची रचना अभ्यासिली. पुढची पायरी स्वतःचा कॅमेरा करण्याची होती. आनंदराव त्या उद्योगात असतानाच १९१६ साली निवर्तले. हा आघात मोठा होता. तथापि बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने १९१८ मध्ये त्यांनी तो कॅमेरा पुरा केला.

येथे थोडे थांबून या यंत्राची करामत मुलांना समजावून द्यावी. फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात व प्रत्येक चित्रामागे एकेका कडेस चार छिद्रे येतात. पट्टी अखंड सरकत राहिली, तर चित्राऐवजी नुसता फराटा उमटेल. म्हणून प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर स्थिर थांबली पाहिजे. तेवढ्यात भिंगामागील झडप उघडून मिटली पाहिजे. आणि झडप मिटलेली असतानाच पट्टी बरोबर चार छिद्रे पुढे ओढली गेली पाहिजे. मूकपटांच्या काळी हे सेकंदास सुमारे सोळा वेळा घडे, आणि तेही हाताने मूठ फिरवून! दात्यांच्या चाकात केसाएवढी चूक राहिली, तरी सारे चित्र थरथरेल. हे यंत्र ज्याने घडविले, त्याला अशिक्षित म्हणावे काय, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा.

पुढे बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यात झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. केवळ रंगविलेल्या पडद्यांवर विसंबून न राहता त्यांनी खरीखुरी भासतील अशी दालने उभारली. प्रत्येक प्रसंगाची व वेषभूषेची चित्रे ते आधी कागदावर रेखाटीत. चित्रपटांची जाहिरातपत्रकेही त्यांनी स्वतः रंगविली. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी देवादिकांऐवजी कर्जापायी जमीन गमावणारा, गाव सोडून शहरातील गिरणीत मजुरी करणारा शेतकरी पडद्यावर आणला. या मूकपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. वऱ्हाडातील आपल्या मुलांना हा विषय परका वाटणार नाही.

दामले, फत्तेलाल, शांताराम हे सारे बाबूरावांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी १९२९ मध्ये वेगळे होऊन प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. पुढे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रशंसा झाली. इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी अधूनमधून चित्रपट केले; परंतु त्यांचे मन पुन्हा कुंचला व माती यांत रमले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. धातूचा पुतळा करावयाचा, तर आधी मातीत आकृती घडवावी लागते, मग तिचा साचा घ्यावा लागतो व शेवटी तापलेला रस ओतावा लागतो. आकृतीला चित्रकाराचा डोळा हवा, तर भट्टीला लोहाराचे ज्ञान. वडिलांच्या कामशाळेत शिकलेले असे अखेरपर्यंत उपयोगी पडले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

अध्यापनाची दिशा

पहिल्या तासिकेस ही कथा सांगावी. वाचून दाखवू नये. दुसऱ्या तासिकेस पुढील कृती घ्याव्यात.

(अ) गणित : एका फूट पट्टीत १६ चित्रे मावतात. सेकंदास १६ चित्रे घेतली, तर १००० फूट पट्टीत किती चित्रे येतील व ती किती वेळ चालेल? (उत्तर : १६००० चित्रे, १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद.)

(आ) चित्रकला : पोळ्याच्या बैलाचे लहान चित्र चौकटी आखून फळ्यावर चौपट लांबी-रुंदीचे काढावे. क्षेत्रफळ किती पटीने वाढले, हे मुलांकडून मोजून घ्यावे. (उत्तर : १६ पट.)

(इ) हलते चित्र : जुन्या वहीच्या पानांच्या कोपऱ्यावर उडणाऱ्या पक्ष्याची क्रमवार चित्रे काढून पाने झरझर सोडावीत. चित्र का हलते, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

(ई) परिसर : गावातील कुंभार, सुतार, वेल्डिंग करणारे कारागीर यांपैकी एकास वर्गात सन्मानाने बोलवावे. बंजारा तांड्यावरील माउलीस बोलविल्यास, कवड्या व आरसे लावून केलेल्या भरतकामात किती भौमितिक आकृती दडल्या आहेत, ते मुलींनी व मुलांनी शोधावे. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे दान दिले. त्या लेण्यातही छिन्नी व रंग एकत्रच नांदले आहेत, हे सांगण्यास विसरू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली : बाबूराव शाळेत फारसे शिकले नाहीत, म्हणून शाळेची गरज नाही, असा अर्थ मुलांनी घेऊ नये. त्यांच्या घरीच कामशाळा होती. आज ज्या मुलाच्या घरी ती नाही, त्याची कामशाळा आपणच होय.

दुसरी : सुताराच्या मुलास सुतारकामच द्यावे, असाही अर्थ नव्हे. बाबूराव वडिलांच्या हत्यारांपाशी थांबले नाहीत. ती हत्यारे घेऊन वडिलांनी न पाहिलेल्या वाटेने गेले. मुलाचा हात पाहावा, आडनाव पाहू नये.

शेवटी स्वतःची एक चूक नमूद करतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गातील एका मुलाने गणिताच्या तासाला पाटीवर तिफण काढली होती. दांडी, फण, चाडे, नळ्या, सारे प्रमाणात होते. मी ती ओल्या फडक्याने पुसली व त्यास उभे केले. दोन फणांतील अंतर किती, एवढाच प्रश्न मी त्यास विचारला असता, तर त्या दिवशीचे गणित त्याच तिफणीवर शिकविता आले असते. तो मुलगा पुढील वर्षी शाळेत आला नाही. त्याचे कारण केवळ ती पाटी होती, असे मी म्हणत नाही. परंतु त्याला शाळेत थांबावेसे वाटेल, असे मी काही केले नव्हते, हे खरे.

म्हणून विनंती अशी, की हा पाठ घेतल्यानंतर प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका तरी मुलाच्या हातचे काम प्रगतिपत्रकातील विशेष नोंदीच्या रकान्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. पुढील केंद्र संमेलनात त्या नोंदी एकमेकांस वाचून दाखवाव्यात. बिजागरी बसविणाऱ्या मुलाचे नाव त्या यादीत असावे, एवढीच अपेक्षा.

स्वाध्याय

१. बाबूराव मिस्त्री ‘पेंटर’ कसे झाले?
२. कॅमेऱ्यातील पट्टी मध्ये मध्ये का थांबावी लागते?
३. पुतळा घडविताना चित्रकाराचे व लोहाराचे काम कोणकोणते?
४. तुमच्या घरातील एका हत्याराचे चित्र काढा व त्याची मापे लिहा.