घर केव्हा सोडले? : परिकल्पना आणि परिवर्त्ये यांची मांडणी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली येथील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट मानली जाते. पाणी एका रात्रीत चढले नव्हते. तरीही हजारो कुटुंबे वेढली गेल्यावरच बाहेर पडली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे तर बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. लोक वेळेवर का निघत नाहीत, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे, तसाच तो तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच यांचाही आहे.

नदीकाठी याचे उत्तर तयारच असते : ‘२००५ साली पाणी उंबऱ्याला लागले नाही, ते आता कसे लागेल?’ त्या वर्षी पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. उत्तर पटण्यासारखे आहे. पण पटलेले उत्तर तपासून पाहावयाचे तर आधी त्याची परिकल्पना लिहावी लागते.

‘पूर्वानुभवाचा लोकांच्या मनावर परिणाम होतो’, हे वाक्य विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत हमखास आढळते. ते कधीच खोटे ठरू शकत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी होय. त्याऐवजी कोणी असे लिहील : ‘ज्यांच्या घरात २००५ साली पाणी शिरले नव्हते, ती कुटुंबे २०१९ मध्ये नदीची पातळी अधिक चढल्यावर निघाली.’ हे तपासता येते. मात्र यात एक खोच आहे. पाणी न शिरलेली घरे बहुधा उंचावरची असतात. तेथे पाणी उशिरा पोहोचते, म्हणून माणसेही उशिरा निघतात. अशा वेळी आपण मोजतो ती जमिनीची उंची, आणि अहवालात लिहितो मनाची अवस्था!

यावर उपाय मोजमाप बदलण्याचा आहे. पुलावरील फूट न घेता, पाणी स्वतःच्या उंबऱ्याला लागण्यापूर्वी किती तास कुटुंब निघाले, हे पराश्रयी परिवर्त्य धरावे. २००५ मध्ये त्याच घरात राहत असताना पाणी शिरले की नाही, हे स्वाश्रयी परिवर्त्य. नंतर राहावयास आलेल्यांचा गट वेगळा ठेवावा. दोन्ही गटांच्या तासांत फरक नाही, ही शून्य परिकल्पना होय.

आता ‘निघाले’ म्हणजे काय? बहुतेक घरांत मुले, स्त्रिया आणि वृद्ध आधी जातात. एखादा कर्ता पुरुष म्हशीजवळ मागे राहतो. त्याचे निघणे धरावयाचे की पहिल्या माणसाचे, हे प्रश्नावली छापण्यापूर्वी ठरले पाहिजे. अखेरचा प्रौढ माणूस निघाल्याची वेळ धरणे मला अधिक योग्य वाटते, कारण जीव त्याचाच धोक्यात असतो. अर्थात मग दावणीची जनावरे हे नियंत्रित करावयाचे परिवर्त्य ठरते. वेळेसाठी केवळ आठवणीवर विसंबू नये. निवारा केंद्राच्या नोंदवहीशी ती ताडून पाहावी. शिवाय पंचनामा करणाऱ्या कर्मचाऱ्यानेच हे विचारले, तर उत्तर अनुदानाकडे डोळा ठेवून येईल.

मागील हानीचा भीतीशी असलेला संबंध दिसतो तितका सरळ नसतो. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवांचा अभ्यास केला. धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा भागांतही आणखी मोठ्या संकटाच्या अफवा पसरल्या होत्या. पुढे दार्जिलिंगच्या दरडींनंतर, प्रत्यक्ष विध्वंस झालेल्या ठिकाणी, दुर्गानंद सिन्हा यांना तशा अफवा आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात ही निरीक्षणे शेजारी ठेवली आणि असे सुचविले की, कारण न दिसणारी भीती स्वतःसाठी कारण शोधते. दोन्ही ठिकाणे इतरही बाबतींत भिन्न होती, हे मात्र विसरता येत नाही.

सातारा जिल्ह्यात हीच प्रश्नावली जशीच्या तशी नेता येणार नाही. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. दरडीला फूटपट्टी नसते, आणि ती पायरीपायरीने चढतही नाही. तेथे ‘वेळेवर निघणे’ याची व्याख्या पडलेल्या पावसाच्या मिलिमीटरांवर, जमिनीला गेलेल्या भेगांवर आणि रात्र होण्यापूर्वी निघाले की नंतर, यावर नव्याने बांधावी लागेल.