हर्पिसची शंका आली, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाहीत

असुरक्षित संबंध येऊन दोन दिवस झालेत, अंगावर काही उठलेले नाही, तरी डोक्यातून हर्पिस जात नाही. अशा वेळी माणूस रात्रभर मोबाईलवर वाचत बसतो आणि सकाळी लॅब गाठतो. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापूर जवळ, तिथे नमुने घेणारी केंद्रे आहेत. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने काही जण वाघोली किंवा थेट पुणे गाठतात. हजार-दोन हजार मोजून रक्त दिले जाते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो आणि ज्या प्रश्नासाठी रक्त दिले, त्याचे उत्तर त्यात नसतेच.

नसते, कारण रक्ताच्या या तपासणीत विषाणू शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात, आणि ती तयार व्हायला आठवडे लागतात. नव्या संसर्गाबद्दल रक्तावरून काही बोलायचे तर किमान १२ आठवडे जावे लागतात. काहींना १६ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो परवाच्या प्रसंगाचा नसतो, जुन्या कधीतरीच्या संसर्गाचा असतो. निगेटिव्ह आला, तर त्यात दिलासा मानण्यासारखे काही नसते.

हर्पिसचे विषाणू (एचएसव्ही) दोन प्रकारचे. १ नंबरचा बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या माणसांच्या लाळेतून होतो; तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात ते त्याचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे. २ नंबरचा मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. आता लॅबच्या दरपत्रकावर बहुधा जी तपासणी दिसते ती ‘एचएसव्ही १ + २’ अशी एकत्र असते, आयजीएम किंवा आयजीजी या प्रतिपिंडांची. एकत्र आयजीजी पॉझिटिव्ह आली तर ती १ नंबरमुळे की २ नंबरमुळे हे कळायला मार्ग नाही. आयजीएम तर घ्यायचीच नाही. ती खोटी पॉझिटिव्ह येते, जुना संसर्ग पुन्हा उठला तरी पॉझिटिव्ह येते, आणि तिच्यावरून ‘नवीन लागण’ असे ठरवता येत नाही. या एका तपासणीपायी कित्येक घरांत नवरा-बायकोत संशय शिरतो, म्हणून ठामपणे लिहितो आहे: आयजीएमवर एक रुपयाही घालू नका.

फक्त २ नंबरची आयजीजी वेगळी करून मिळते. खासगी लॅबमध्ये तिला साधारण ६०० ते १,२०० रुपये पडतात. जोडीदाराला हर्पिस आहे हे नक्की माहीत असेल, आणि १२ ते १६ आठवडे उलटले असतील, तर ती करण्यात अर्थ आहे. रिपोर्ट हातात आला की पॉझिटिव्ह हा शब्द पाहून थांबू नका, शेजारचा आकडा बघा. बऱ्याच पद्धतींत १.१ च्या वर गेले की पॉझिटिव्ह छापतात; पण १.१ ते ३ या टापूतले बरेच रिपोर्ट पुढे खोटे ठरतात. १.४ आकडा घेऊन कुणी आयुष्यभराचा निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी. लक्षणे नसलेल्या माणसाने केवळ धास्तीपोटी ही तपासणी करू नये, असाच अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणांचाही सल्ला आहे, आणि त्याचे कारण हे खोटे पॉझिटिव्हच.

मग पहिल्या दिवसांत करायचे काय? हर्पिसच्या विचारात जी गोष्ट निसटते ती इथे आहे, आणि तिला घड्याळ लागलेले आहे. एचआयव्हीचा धोका वाटावा असा संबंध असेल, तर त्याला अडवणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. गोळ्या २८ दिवस चालतात. सरकारी रुग्णालयात त्या मोफत आहेत. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय जे जवळ पडेल तिथे जा. तिथून पुढे पाठवले तर औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून या दोन्ही ठिकाणी एचआयव्हीच्या औषधांचे एआरटी केंद्र आहे. रात्र असेल तर अपघात विभागात जा, सकाळची वाट पाहू नका. प्रत्येकाला या गोळ्या लागतातच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील.

हे दोन आजार एकत्र घेण्याचे कारण पुण्यातच सापडलेले आहे. १९९३ ते २००० या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या २,७३२ जणांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ४३ टक्क्यांना २ नंबरचा हर्पिस आधीच होता. आणि ज्यांना तो नुकताच झाला होता, त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळपास चौपट निघाला. हर्पिसने सहसा जीव जात नाही म्हणून तो सोडून द्यायचा नसतो, तो यासाठी.

एचआयव्ही आणि गरमी म्हणजे सिफिलिस, या दोन्ही तपासण्या सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होतात. आत्ता एकदा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. खासगीत याच गोष्टींचे ‘एसटीडी पॅकेज’ तीन हजारांपासून पुढे विकले जाते आणि त्यात बहुधा ती आयजीएम घातलेली असते. पॅकेज घेऊ नका. घ्यायचेच तर एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी) आणि कावीळ ब अशा सुट्या तपासण्या मागा. तिन्ही मिळून साधारण हजार-दीड हजारात बसतात.

आता फोड आला तर. संबंधानंतर २ ते १२ दिवसांत, बहुधा चौथ्या दिवसाच्या आसपास, आधी हुळहुळते, खाज येते, मग पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने उठतात. ते फुटून दुखऱ्या जखमा होतात, लघवीला आग होते, जांघेत अवधाण येते, कणकण वाटते. न दुखणारी एकच कडक जखम असेल तर गरमीचा संशय आधी घ्यावा. ती पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरी होते. हा भेद घरी बसून करायचा नाही. फोड दिसला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. खपली धरल्यावर दाखवून फारसा उपयोग नाही.

इथे खरी तपासणी होते ती फोडाची. डॉक्टर सुईच्या टोकाने ताज्या फोडाचे तोंड उघडतात, त्याच्या बुडावर काडीचा कापूस जरा दाबून फिरवतात आणि ती काडी द्रव भरलेल्या नळीत मोडून बंद करतात. थोडे झोंबते, एवढेच. ही नळी थंड ठेवून पीसीआर तपासणीसाठी जाते, आणि १ नंबर की २ नंबर हे नेमके कळते. खर्च साधारण अडीच ते पाच हजार. ही नळी प्रत्येक नमुना केंद्रावर नसते, म्हणून लॅबला आधी फोन करा, नळी डॉक्टरांकडे घेऊन जा. हा खर्च सगळ्यांनी करावा असे मला वाटत नाही. निदान धूसर असेल, बाई गरोदर असेल, किंवा कोणता प्रकार हे जाणून घेणे महत्त्वाचे वाटत असेल, तर जरूर करा. जननेंद्रियावरचा १ नंबर पुन्हा पुन्हा उठण्याचे प्रमाण बरेच कमी असते, त्यामुळे माहितीला किंमत आहे. बाकी वेळी अनुभवी डॉक्टर पाहून सांगतात आणि उपचार तोच राहतो.

तो उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहे. गुप्तरोगांसाठी सरकारने रंगांची औषध-पाकिटे केली आहेत. हर्पिसचे पाकीट लाल, ५ नंबरचे. त्यात असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या असतात, दिवसातून तीनदा, सात दिवस. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासणी, औषध काहीच पैसे पडत नाहीत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे नाममात्र शुल्क लागते. तिथला त्वचा व गुप्तरोग विभाग मात्र या कामात मुरलेला आहे. गावातल्या केंद्रात नर्सबाई शेजारच्या आळीतल्या असतील आणि संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या गावच्या केंद्रात जा. हद्दीचे बंधन नाही. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, म्हणजे पुण्याला जाऊन येण्याचा खर्च फारसा नाही.

खासगीत त्वचारोगतज्ज्ञांची फी आपल्या भागात साधारण ३०० ते ५००, पुण्यात ६०० ते हजारच्या पुढे. असायक्लोव्हिर ४०० ची गोळी दहा-पंधरा रुपयांच्या आसपास, म्हणजे २१ गोळ्या दोनशे ते सव्वातीनशे. जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून दोनदाच घ्यावी लागते, पण किंमत कित्येक पट. काम दोन्ही करतात. वरून लावायच्या असायक्लोव्हिर मलमाचा फारसा उपयोग नाही, तो खर्च वाचवा. आणि मेडिकलवाल्याने गजकर्णासाठी म्हणून दिलेले, स्टेरॉइड मिसळलेले मलम तर अजिबात चोळू नका. जखम चिघळते आणि डॉक्टरांना ओळखूही येत नाही. नागीण हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे, तिचा डोस बराच मोठा असतो. शेजाऱ्याची नागिणीची चिठ्ठी उचलून गोळ्या घेऊ नका.

हर्पिस अंगातून कायमचा जात नाही. गोळ्यांनी फोड लवकर भरतात, वरचेवर उठत असेल तर रोजच्या गोळ्यांनी तो दाबून ठेवता येतो. म्हणून ‘मुळासकट घालवतो’ असे हायवेच्या भिंतीवर रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’ना पाच-दहा हजारांचा कोर्स म्हणून जे दिले जातात, ते पैसे पाण्यात गेले समजा.

रांजणगाव, सणसवाडीतल्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांसाठी एक सूचना. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) कार्ड असायला हवे. त्यावर तपासणी आणि औषधे मिळतात. आणि सगळ्यांनीच, खासगी लॅबमध्ये नाव घालताना मोबाईल नंबर स्वतःचा द्या. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, आणि घरचा सामाईक नंबर दिला तर तो आधी दुसऱ्याच्याच हातात पडतो.

गरोदर बाईला कधी असे फोड आले असतील, तर ते प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला मोठा धोका असतो. आधीपासून असेल तर शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन, गरज पडल्यास सिझेरियन करून बाळाला वाचवता येते. गर्भपातानंतर केलेल्या ‘टॉर्च’ (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांच्या) तपासणीत हर्पिस पॉझिटिव्ह दिसला म्हणून सुनेच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी वरचा १ नंबरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

लैंगिक अत्याचार झाला असेल, तर कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार द्यायचे आहेत, तसा कायदा आहे. समोर जाऊन बोलायचा धीर होत नसेल, तर आधी १०९७ वर फोन करा. ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मदतवाहिनी आहे, फोन फुकट आहे, नाव सांगावे लागत नाही. आणि दवाखान्यात तोंडातून शब्द फुटत नसतील, तर संबंध कोणत्या तारखेला आला आणि फोड कोणत्या तारखेला दिसला, एवढ्या दोन ओळी कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. उपचार सुरू करायला तेवढे पुरते.