बदल केला की फेर घे

अगं, सगळ्यांना कोड लिहायला दिलं आणि तुझ्या वाट्याला डॉक्युमेंटेशन आलं म्हणून तू खट्टू झालीस. हे काम दुय्यम समजू नकोस बाई. जळकोटला सेवा केंद्रात बसून त्याची किंमत मी रोज बघते.

ई-पीक पाहणीचंच घे, म्हणजे मोबाइल ॲपवर शेतातल्या पिकाची नोंद. 15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर सुरू झाली. 1 ऑगस्ट 2022 ला ॲपची दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्यात नुसती बटणं हलली नाहीत, नियमच बदलले. शेतकऱ्यानं स्वतः केलेली नोंद ग्राह्य धरायची, तलाठ्यानं 10 टक्के नोंदी तपासायच्या, चूक झाली तर शेतकऱ्यानं 48 तासांत आपली आपण दुरुस्त करायची. ज्याच्या हातात पहिल्या वर्षीचा माहितीचा कागद, त्याला हे 48 तास कळणार कसे? सोयाबीनच्या जागी तूर पडली, की तो तलाठ्याची वाट बघायचा आणि मुदत निघून जायची. वर म्हणायचा, "ताई, मलाच जमंना बघा." हे फार लागतं गं मला. चूक कागदाची आणि कमीपणा माणूस स्वतःकडे घेतो. तुमचं लिखाण जुनं राहिलं, तर तुमच्याकडे नवा आलेला पोरगाही असाच गप्प बसेल.

म्हणून सांगते, सातबाऱ्यासारखं काम कर. जमीन विकली की फेरफार घेतात. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. कित्येक वर्षांनीही माग लागतो. तूही कोडमधला बदल आणि त्याचं लिखाण एकदमच तपासायला पाठव. लिखाण नसेल तर बदल मंजूर नाही, हे टीम लीडकडून कबूल करून घे, भांडावं लागलं तरी. जुन्या पानावर ठळक लिही की हे आता लागू नाही, आणि नव्या पानाचा दुवा तिथंच दे. पान कुणाच्या जबाबदारीचं, तेही नावानिशी असू दे.

आणि दर नव्या आवृत्तीला टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला ते पान वाचून काम करायला सांग. तू शेजारी बस, पण सांगू नकोस. तो जिथं अडेल ती ओळ त्याच दिवशी बदल. वर्षअखेरीला पगारवाढीच्या फॉर्ममध्ये हे सगळं मांड, लाजू नकोस.