‘मोटार चालू झाली आहे’

फोनवरचा तो ठरलेला आवाज मी जालन्याच्या मंगल कार्यालयात ऐकला आणि निर्धास्त होऊन पंगतीला बसलो. सकाळी आष्टीला येऊन मळ्यात गेलो, तर मोसंबीची आळी कोरडी ठाक. पाइपाला थेंब नाही. बोअरमधली मोटार वर काढली, तर वायंडिंग जळून काळं पडलेलं.

लाईट आली की मोटार आपोआप चालू करून फोनवर कळवणारा तो ऑटो ज्याने विकला, त्याने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि चारचौघांत म्हणाला, “काका, तुमच्याच बोअरला पाणी नाही, त्याला आमचा ऑटो काय करणार?” अहो, पाणी तुटलं की मोटार आपोआप बंद होते, हे सांगूनच तर त्याने तो विकला होता! मला अडाणी ठरवून गेला, ते अजून डोक्यातून जात नाही.

मोटार भरून आणून पुन्हा सोडली, तेव्हा परतूरच्या मिस्त्रीने वायरीला क्लॅम्प मीटर लावला. पाणी देताना 7.5 अँपिअर, पाणी तुटल्यावर 5. आणि ड्रायरनचा आकडा, म्हणजे भार ज्याच्या खाली गेला की ऑटो मोटार बंद करतो तो, बसवणाऱ्याने ठेवलेला 3! भार तिथवर उतरणारच नव्हता, मग मोटार बंद होणार कशी? ‘चालू’ हा निरोपही स्टार्टर ओढल्याचा होता, पाण्याचा त्याला पत्ताच नव्हता. मी तिथेच बांधावर बसलो.

म्हणून सांगतो. बसवणाऱ्याला मीटर लावून तुमच्याच मोटारीचा भार मोजायला लावा, भरलेला आणि कोरडा, आणि ड्रायरनचा आकडा त्या दोन्हींच्या मध्ये ठेवून घ्या. मग व्हॉल्व्ह बंद करून किंवा पाणी तोडून, मोटार खरंच थांबते का ते त्याच्यासमोर बघा. त्याआधी पैसे देऊ नका. पक्कं बिल घ्या. ऑटोतल्या सिमचं रिचार्ज सांभाळा.

लाईट रात्रीची असते, म्हणून ऑटो लागतो, हे मलाही कळतं. पण लाईट येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, आणि मग सगळेच अंधारात. प्रत्येकाने सुरू होण्याची वेळ थोडी मागेपुढे लावावी, कपॅसिटर बसवावा. 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालं. मोटार भरायचे पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात.

आता स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर मी लाल रंगाने लिहून ठेवलंय: भरलेली 7.5, कोरडी 5, बंद 6. तो विकणारा परवा रस्त्यात भेटला. नमस्कार केला नाही.