आजचं चिंतन: बघायला डोळे कोण देतं? (गीता, अध्याय ११, श्लोक ८)



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझ्या या डोळ्यांनी तू मला पाहू शकणार नाहीस, मी तुला दिव्यदृष्टी देतो. म्हणजे सगळं समोर असलं तरी बघायची दृष्टी मिळावी लागते.

२०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक दीर्घिका शोधली. तिचं नाव अलकनंदा. फोटोत दोन सुंदर सर्पिल भुजा दिसतात. तो प्रकाश निघाला सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी, आपली पृथ्वीसुद्धा नव्हती तेव्हा! वाटेत अवकाश प्रसरण पावत गेलं, प्रकाशाच्या लहरी ताणल्या गेल्या आणि इथे पोचेपर्यंत तो अवरक्त झाला. आपल्या डोळ्यांना तो दिसतच नाही.

मग कुणी म्हणतं, "रंग नंतर भरलेत, म्हणजे फोटो खोटाच की!" तसं नाही. भजनात पेटीवाला पट्टी बदलतो, तरी अभंग तोच राहतो ना? इथेही लांब लहरींना लाल, आखूड लहरींना निळा, असा क्रम सांभाळून तो प्रकाश आपल्या डोळ्यांच्या पट्टीत आणतात.

पण टेलिस्कोप म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे, हेही लक्षात ठेवू. गीतेत विज्ञान शोधायची गरज नाही. टेलिस्कोप दूरचं दाखवतो, पण पाहून नम्र व्हायचं की नाही, हे आपल्याकडे असतं. अकराव्या अध्यायात पुढे संजय सांगतो की अर्जुनाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्याने आधी मस्तक झुकवलं, हात जोडले, मग तो बोलला. आपण काय करतो? दोन सेकंद बघतो, "वॉव" टाकतो, फॉरवर्ड करतो, पुढची रील. विश्वरूप समोर येऊनही अंगठा थांबत नाही.

आजची साधना: असा एक फोटो उघडा आणि एक मिनिट फक्त बघा. कॅप्शन नको, शेअर नको.

आणि थंडीत गावी आलात तर अजून एक करा. आमच्या पूर्णेला लाईट गेली की गच्चीवर चांगला अंधार मिळतो. चंद्र नसेल तर संध्याकाळी देवयानी दीर्घिका पुसट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. तोवर मोबाईल खिशात आणि मुखी नाम.

राम कृष्ण हरी!