आधी लाळ, मग दात

१. नवा पेशंट खुर्चीत बसला की दाढांकडे वळण्याआधी मी छोटा आरसा त्याच्या गालाला आतून टेकवते. आरसा सहज सुटला तर ठीक. चिकटून राहिला तर तोंड कोरडं, आणि मग कीड हिरडीच्या कडेला, मुळांपाशी शोधायची.

२. लाळेत 99 टक्के पाणीच असतं. करामत उरलेल्या टक्क्याची. आपण गोड खाल्लं की जिवाणू त्याचं आम्ल करतात. सामू साधारण 5.5 च्या खाली उतरला की एनॅमल विरघळू लागतं. लाळेतलं बायकार्बोनेट ते आम्ल मारतं आणि कॅल्शियम, फॉस्फेट पुन्हा दातात जाऊन बसतात. या दुरुस्तीला अर्धा-पाऊण तास तरी हवा. तासातासाला चहा-बिस्किट चालू असेल तर लाळेला उसंत कुठली? म्हणून मी सांगते, लाडू जेवणाबरोबर दोन खा, पण दिवसभर गोळ्या चघळू नका. आयांना हे पटत नाही, मुलांना लगेच पटतं.

३. खालच्या पुढच्या दातांमागेच किटण का धरतं? जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. दात सावरणारी खनिजंच न घासलेल्या थरात मुरली की तो थर टणक होतो. नुसता ब्रशला दोष देऊ नये. थोडा द्यावा.

४. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको.

५. वयस्क पेशंटला मी गोळ्यांची पिशवी घेऊनच बोलावते. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. “कवळी सैल झाली गं,” म्हणत आजी येतात. कवळी धरून ठेवणारा लाळेचा पातळ थरच कधीकधी नाहीसा झालेला असतो. पण गोळी परस्पर बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं. डोळेही कोरडे पडून चुरचुरत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवते, कारण मनात श्योग्रेन या लाळ आणि अश्रू आटवणाऱ्या आजाराची शंका असते.

६. 1922 साली, पेनिसिलिनच्या आधी, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लायसोझाइमचा शोध जाहीर केला. काही जिवाणूंचं कवच फोडणारं हे द्रव्य लाळेतही असतं. म्हणून बोट कापलं की चोखायचं, असं मात्र नाही. लाळेत जिवाणूही ढीगभर असतात. तोंडातल्या जखमेची गोष्ट वेगळी. दाढ काढल्यावर लोक सारखे बेसिनकडे धावतात. थुंकू नका, लाळ गिळा. थेंबभर रक्त लाळेत मिसळून भरपूर दिसतं, आणि थुंकण्याच्या ओढीने खड्ड्यातली गुठळीच निघून येते.