घरातील बिनतारी जोडणी : बिघाडाचा शोध

लॅपटॉप घरातील राउटरशी जोडला जात नाही, तेव्हा बहुतेक माणसे एकाच वेळी अनेक उपाय करून पाहतात. त्यातून जोडणी झालीच, तरी बिघाड कोठे होता हे कळत नाही. न झाल्यास जुन्या बिघाडात नव्याची भर पडते. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत असेल, तर हा गोंधळ फार महागात पडतो. म्हणून जोडणी कोणत्या क्रमाने होते, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरते.

या क्रमात तीन टप्पे आहेत. आधी लॅपटॉपला राउटरची हाक ऐकू यावी लागते. नंतर पासवर्डच्या आधारे दोघांची ओळख पटावी लागते. शेवटी राउटरकडून लॅपटॉपला एक अंकी पत्ता मिळावा लागतो. बिनतारी जोडणीचे ८०२.११ हे प्रमाण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून वेग कितीतरी पटींनी वाढला. परंतु बिघाड शोधणाऱ्याला आजही हेच तीन टप्पे तपासावे लागतात.

तत्पूर्वी एक सोपी कसोटी घ्यावी. मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो त्याच राउटरशी जोडून पाहावा. मोबाईल चालत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपकडे आहे. तोही चालत नसेल, तर राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन तपासावी.

आता पहिला टप्पा. राउटरचे नाव लॅपटॉपच्या यादीत दिसतच नसेल, तर बिनतारी यंत्रणा चुकून बंद झालेली नाही ना, हे पाहावे. पुष्कळ राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत काम करतात. काही जुन्या लॅपटॉपना केवळ पहिलाच पट्टा कळतो. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे सहा सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्याच्या लहरी जाड भिंतींतून जाताना अधिक क्षीण होतात. उलट, पहिल्या पट्ट्याला मायक्रोवेव्ह भट्टीचा उपद्रव होतो, कारण तिच्या लहरीही त्याच पट्ट्यात असतात. लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेताच जोडणी झाली, तर दोष अंतराचा किंवा अडथळ्याचा समजावा.

दुसऱ्या टप्प्यात नाव दिसते, पण प्रवेश मिळत नाही. राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप मात्र साठवलेला जुनाच पासवर्ड पुढे करीत राहतो. अशा वेळी साठवलेली जोडणी पुसून पासवर्ड नव्याने लिहावा. इंग्रजीतील लहान व मोठी अक्षरे येथे भिन्न मानली जातात. राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षापद्धती वापरीत असल्यास जुना लॅपटॉप अडतो. तेव्हा राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ या दोन्ही पद्धतींना मुभा देणारा पर्याय निवडावा. पासवर्ड काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. त्यामुळे घराचे दार सताड उघडे राहते, आणि परक्याने त्या जोडणीवरून केलेल्या गैरकृत्याची पहिली चौकशी घरमालकाकडेच होते.

तिसऱ्या टप्प्यात जोडणी झालेली दिसते, पण काहीच उघडत नाही. येथे लॅपटॉपचा अंकी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर न आल्याने लॅपटॉपने तो स्वतःच धारण केला आहे, असे समजावे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास हा दोष पुष्कळदा नाहीसा होतो. पूर्वी कार्यालयासाठी हाताने घातलेला पत्ता तसाच राहिला असल्यास तो आपोआप मिळण्याची व्यवस्था पूर्ववत करावी. पत्ता राउटरने दिलेला असेल (तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो) आणि मोबाईलही चालत नसेल, तर सेवा पुरवणाऱ्याला कळवावे.

राउटर बंद करून सुरू करणे आणि त्याच्या बारीक छिद्रातील बटण टाचणीने दाबून धरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या कृतीने राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या जातात. त्यांत सेवा पुरवणाऱ्याने दिलेले नाव व पासवर्ड असल्यास, ते हाताशी नसताना साऱ्या घराची जोडणी खंडित होते. म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवावेत, आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा.